शुक्रवारचं मटण आणि ‘गंभीर बंधन’

शुक्रवारी मांस का वर्ज्य, हे कॅथलिक वाचकांना सांगायला नको : येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूचा तो दिवस. वाद आहे तो एखाद्या शुक्रवारी मांस खाल्लं तर घोर पाप लागतं का, याचा. प्रथा पहिल्या काही शतकांतली. मध्ययुगात तिला नियमांचं कुंपण पडलं, उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, दूध-लोणीही बंद झालं आणि मग दान देऊन सूट मिळू लागली. फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथीड्रलचा एक मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ म्हणूनच ओळखला जातो, तो अशा सवलतींच्या पैशांमुळे. १५२२ साली झुरिकमध्ये एका छापखानदाराच्या घरी उपवासकाळात सॉसेज खाल्लं गेलं आणि तिथल्या धर्मसुधारणेला तोंड फुटलं.

आजचा हा वाद मात्र १९१७ च्या चर्च-कायद्यातून आलेला आहे. सात वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला हा नियम लागू होता. मांस नको आणि मांसाचा रस्साही नको. पण अंडी, दूध आणि चवीपुरती प्राण्याची चरबी चालत होती. म्हणजे मटणाचा फक्त रस्सा घेतला तरी नियम मोडला आणि डुकराच्या चरबीची फोडणी दिलेली भाजी खाल्ली तर काही बिघडलं नाही. जाणूनबुजून नियम मोडणं हे घोर पाप. अशा नियमावर वाढलेला माणूस धर्मगुरूकडे पापांच्या कबुलीला जाताना आपला शेजाऱ्याशी असलेला अबोला विसरतो आणि ताटातला तुकडा आठवतो, यात नवल नाही.

१७ फेब्रुवारी १९६६ ला रोमने नवा आदेश काढला. मांसत्यागाचं वय सातवरून चौदावर गेलं, रश्शाचा उल्लेख गळला. उपवास (दिवसात एकच पूर्ण जेवण) राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उरला. त्या त्या देशातल्या बिशपांना मांसत्यागाच्या जागी प्रार्थना किंवा दानधर्म ठरवण्याची मुभा मिळाली. पण त्याच आदेशात एक वाक्य होतं : प्रायश्चित्ताच्या दिवसांचं ‘सारभूत पालन’ हे गंभीर बंधन आहे. घोळ इथेच झाला. एका शुक्रवारी मांस खाल्लं की घोर पाप, की वर्षभराचं सगळंच सोडून दिलं तर? पुढच्याच वर्षी रोमने खुलासा केला की बंधन सुट्या दिवसाला नाही, सगळ्या दिवसांना मिळून आहे. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. ताटातला तुकडा मोजण्याऐवजी माणसाचं वर्ष कसं गेलं ते पाहायला त्याने शिकवलं. तरीही दोन्ही बाजूंनी तो दुर्लक्षित राहिला. कडक मंडळी एकेका शुक्रवारचा हिशेब ठेवत राहिली आणि बाकीच्यांनी ‘बंदी उठली’ एवढंच ऐकलं. मांसाच्या बदल्यात काय करायचं, ते विसरूनच गेले.

१९८३ च्या नव्या चर्च-कायद्याच्या संहितेने सगळे शुक्रवार प्रायश्चित्ताचे म्हणून कायम ठेवले आणि पर्यायाचा अधिकारही बिशप-परिषदांकडेच राहू दिला. इंग्लंड-वेल्समध्ये १९८५ साली पर्याय खुला झाला, पण २०११ च्या सप्टेंबरात शुक्रवारचा मांसत्याग परत आणला गेला. तेव्हा तिथल्या बिशपांनी एक गोष्ट जोडली : जे एरवी मांस खातच नाहीत, त्यांनी दुसरा एखादा पदार्थ सोडावा. वसईच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर, जिथे शुक्रवारी मटण टाळून पापलेटचं कालवण करता येतं आणि मासे मांसात धरले जात नसल्याने नियम अक्षरशः पाळला जातो, पण त्याग काहीच होत नाही, तिथे ही सूचना इंग्लंडपेक्षा जास्त लागू पडते.