अन्नद्रव्यांचा ताळेबंद (शेतजमीन)

पीक जमिनीतून जेवढं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) उचलतं आणि आपण जेवढं परत घालतो, त्याचा जमाखर्च म्हणजे अन्नद्रव्यांचा ताळेबंद. आधी हा हिशोब शेणखत, पेंड आणि शेतात मेंढरं बसवणं यावरच चालायचा, उत्पन्नही बेताचंच होतं म्हणून भागून जायचं. १९६० नंतर हायब्रीड ज्वारी आली, सुधारित गहू आला, ऊस वाढला आणि बॅगेतलं खत गावोगाव पोचलं.

देशपातळीवर नत्र:स्फुरद:पालाश ४:२:१ असावं असं सगळीकडे छापलेलं असतं. खरं तर हा आकडा मुख्यतः धान्यपिकांवरून आलाय, सोयाबीन किंवा केळीला तो लावून काय उपयोग? तरी बिघाड कधी झाला ते त्यावरून कळतं. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाशच्या खतांवरचं किंमत नियंत्रण काढलं, युरियाचं, म्हणजे नत्राच्या खताचं, मात्र ठेवलं, आणि एका वर्षात प्रमाण ५.९:२.४:१ वरून थेट ९.५:३.२:१ वर गेलं. २०१० ला अन्नद्रव्यावर आधारित अनुदान, म्हणजे खतात कोणतं अन्नद्रव्य किती त्यावर ठरणारं अनुदान, आलं, त्यातूनही युरिया बाहेरच. आज ४५ किलोची युरियाची बॅग साधारण २६६ रुपयांना आणि ५० किलोचं डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) १३५० ला, मग शेतकरी कशाला हात घालणार ते सांगायला नको. शिवाय युरिया टाकला की चार-आठ दिवसांत पिकाला काळोखी (गडद हिरवा रंग) येते, पालाश टाकलेला डोळ्यांना दिसतच नाही.

पंजाब-हरियाणापेक्षा आपल्याकडे महाराष्ट्रात प्रमाण बरं आहे, कारण ऊस, द्राक्ष, केळीवाले १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाशची टक्केवारी) सारखी मिश्र खतं वापरतात. पण प्रमाण बरं म्हणजे ताळेबंद बरा असं नाही. स्फुरद चुनखडीच्या जमिनीत अडकून बसतं, पिकाला थोडंच मिळतं आणि बाकी साठत जातं. पालाशचं उलटं, पीक तो भरपूर उचलतं आणि आपण घालतो कमी. काळ्या जमिनीत मुळातच पालाश भरपूर, म्हणून ही तूट बरीच वर्षं जाणवली नाही, खात्यात जुनी शिल्लक असली की खर्च कळत नाही तसं. जस्त, लोह, गंधकाची कमतरता मात्र लवकर उघडी पडली. त्यातलं गंधक पूर्वी सुपर फॉस्फेटमधून फुकटात जायचं, लोक डीएपीकडे वळले आणि ते बंद झालं.

उसाचंच बघा. राहुरी कृषी विद्यापीठाची आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या) उसाची नत्र, स्फुरद, पालाशची शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७० किलो आहे. ऊस पालाश नत्राहूनही जास्त उचलतो, आणि रसातला पालाश साखरेत न जाता मळीत (मोलॅसिसमध्ये) उतरतो, तिथून डिस्टिलरीच्या सांडपाण्यात. पाचट पेटवलं तर नत्र आणि गंधक धुरात जातं, पालाश राखेत राहतो खरा पण वाऱ्या-पावसाने तोही निघून जातो. भारत म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशचं खत जवळपास सगळंच बाहेरून आणतो, आणि हा घरचा पालाश वर्षानुवर्षं नाल्यात जात होता. २०२१ मध्ये मळीपासून काढलेल्या पोटॅशला अनुदानाच्या यादीत घेतलं, त्यात पालाश साधारण १४.५ टक्के असतो, म्युरेटमध्ये ६०, म्हणजे तेवढ्याच पालाशसाठी चौपट गोण्या वाहाव्या लागतात.