एकाच थर्मोस्टॅटवर सगळं घर कशाला?

दुपारी चारच्या सुमाराला घराच्या पश्चिमेकडच्या खोलीत जाऊन पाहा. तिरपं ऊन खिडकीतून थेट आत आलेलं असतं आणि काचेच्या दर चौरस मीटरमागे काही शे वॅट उष्णता खोलीत ओतली जात असते. म्हणजे कुणीतरी छोटा हीटर लावून ठेवावा तसंच. त्याच वेळी उत्तरेकडची खोली निवांत गार असते. दुमजली घर असेल तर हलकी झालेली उबदार हवा जिन्यातून वर चढते आणि वरचा मजला तापतो. स्वयंपाकघरात शेगडी पेटली की तिथलं गणित आणखी निराळं. घर एकच असतं, पण त्यात एका वेळी चार-पाच तापमानं नांदत असतात आणि ती दिवसभर बदलत राहतात.

अशा घरात गरम-थंड हवेची एकच केंद्रीय यंत्रणा बसवली जाते आणि तिला एकच थर्मोस्टॅट असतो, बहुधा मधल्या पॅसेजच्या भिंतीवर. त्याला कळतं ते फक्त त्या पॅसेजचं तापमान. तिथे २४ अंश झाले की तो यंत्र बंद करतो. पश्चिमेच्या खोलीत तेव्हा २८ अंश असले तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. मग त्या खोलीतला माणूस उठतो आणि थर्मोस्टॅट दोन-तीन अंश खाली आणतो. त्याची खोली सुसह्य होते आणि उत्तरेच्या खोलीतला माणूस शाल शोधायला लागतो. एका खोलीसाठी सगळं घर गरजेपेक्षा जास्त थंड होतं आणि वीजही सगळ्या घरासाठी जळते.

झोनिंग म्हणजे ही अडचण मुळाशी जाऊन सोडवणं. घराचे स्वभावाप्रमाणे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाला स्वतःचा थर्मोस्टॅट द्यायचा आणि जिथे गरज आहे तिथेच गरम किंवा थंड हवा पोहोचवायची. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांच्या कॉलेजात वर्गाचं तापमान कमी-जास्त करायचं तर शिपायाला वर्गावर्गात जाऊन पाहावं लागे आणि मग तळघरात उतरून झडपा फिरवाव्या लागत. जॉन्सन यांनी वर्गातलं तापमान खाली कळवणारं विजेचं उपकरण तयार केलं आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे १८९५ साली त्यांनी दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या नियंत्रणाचं पेटंट घेतलं. त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक खोलीचं तापमान वेगवेगळं राखणं शक्य झालं.

यातून ऊर्जा नेमकी कुठे वाचते? घरातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते. समजा बाहेर ५ अंश आहेत आणि घर २० अंशांवर ठेवलंय. फरक १५ अंशांचा. आता घरातला निम्मा भाग, जिथे कुणी बसत-उठत नाही, तो १६ अंशांवर आणला. तिथला फरक ११ अंशांवर आला, म्हणजे त्या भागातून होणारी गळती सुमारे २७ टक्क्यांनी घटली. सगळ्या घराचा हिशेब मांडला तर साधारण १३ टक्के. उन्हाळ्यात मूळ फरकच लहान असतो, त्यामुळे एकेक अंश आणखी मोलाचा. बाहेर ३५ आणि आत २५ असताना रिकामी खोली २९ पर्यंत जाऊ दिली, तर भिंती-छतातून तिथे शिरणारी उष्णता ४० टक्क्यांनी कमी होते. ऊन आणि दमटपणा यांचा भार अर्थात वेगळा मोजावा लागतो.

इथे एक समज हमखास आडवा येतो. खोली थंड पडू दिली तर ती पुन्हा गरम करायला जास्तच ऊर्जा लागते, असं अनेकजण खात्रीने सांगतात. पण ३० घनमीटरच्या खोलीत हवा असते जेमतेम ३६ किलो. ती १० अंशांनी तापवायला लागते सुमारे ०.१ युनिट वीज. भिंती, फरशी, फर्निचर तापवायला याच्या कितीतरी पट लागते हे खरं, पण ती उष्णता भिंती थंड होताना वाचलेलीच असते. खोली जितका वेळ थंड राहते तितका वेळ तिच्यातून गळती कमी होते आणि निव्वळ फायदा तिथे होतो.

माझ्या मते मात्र झोनिंगचा सगळ्यात मोठा फायदा बिलात दिसत नाही. तो माणसांच्या सुखात आहे. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, झोपलेला ७० च्या आसपास आणि स्वयंपाकघरात उभ्याने काम करणारा दीडशेच्याही पुढे. डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी १९७० च्या सुमाराला दाखवून दिलं, की माणसाला उबदार वाटतंय की थंड हे सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंतींचं तापमान, वारा, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. हे सहाही घटक घरातल्या दोन माणसांसाठी एकाच क्षणी सारखे असतील असं क्वचितच होतं. आजीला बसल्या जागी ऊब हवी असते, व्यायाम करणाऱ्या नातवाला वारा. रात्री झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरतं, म्हणून झोपायची खोली थोडी गार असलेली बरी वाटते. ‘थर्मोस्टॅटला हात कुणी लावला?’ हा घराघरातला वाद हट्टाचा वाटतो, पण त्यात दोघांचंही शरीर खरंच सांगत असतं.

हे घडवून आणायचे मार्ग तीन. डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्यांमधून, हवा खेळवणाऱ्या यंत्रणेत प्रत्येक शाखेच्या तोंडाशी डॅम्पर बसवतात. डक्टच्या आत आडव्या दांड्यावर फिरणारी पत्र्याची एक चकती आणि बाहेरून ती फिरवणारी छोटी मोटर, एवढाच त्याचा पसारा. खोलीच्या थर्मोस्टॅटने मागणी केली की चकती प्रवाहाला समांतर होते, मागणी संपली की आडवी होऊन वाट अडवते. दुसरा मार्ग म्हणजे बाहेर एक युनिट आणि आत खोलीखोलीत स्वतंत्र एसी. यात वाटणी होते ती रेफ्रिजरंटचीच, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव-वायूची. मोठ्या इमारतींसाठी या प्रकारची यंत्रणा जपानच्या डाइकिनने १९८२ मध्ये बाजारात आणली. थंड प्रदेशात गरम पाण्याचे रेडिएटर असतात, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे आणि मला तो फार देखणा वाटतो. रेडिएटरच्या तोंडाशी असलेल्या मुठीत मेण किंवा द्रव भरलेली एक कुपी असते. खोली तापली की आतला पदार्थ फुगतो, एक बारीक पिन ढकलतो आणि गरम पाण्याची वाट बंद होत जाते. खोली निवली की कुपी आकसते आणि पाणी पुन्हा वाहू लागतं. वीज नाही, वायर नाही, तरी दर खोलीला आपला पहारेकरी.

मग डक्टच्या यंत्रणेत न लागणाऱ्या खोलीत हवा सोडणारी जाळी हाताने बंद केली की झालं काम, असं वाटू शकतं. तसं करू नका. पंखा तेवढीच हवा ढकलत राहतो, डक्टमधला दाब वाढतो आणि सांध्यांच्या फटींतून हवा माळ्यावर नाहीतर तळघरात निसटते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या अभ्यासातही जाळ्या बंद केल्याने ऊर्जेचा खर्च वाढतो असंच दिसलं. थंडाव्याच्या वेळी हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावरून, म्हणजे कॉइलवरून, पुरेशी हवा गेली नाही तर कॉइलवर बर्फ साचतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. मोठं, एकाच वेगाने चालणारं यंत्र आणि एकच छोटा विभाग उघडा, अशी जोडी जमतच नाही. झोनिंगला कमी-जास्त वेगाने चालणारं इन्व्हर्टर यंत्र लागतं. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा केला की तत्त्वतः वीज एक अष्टमांश लागते, त्यामुळे अशा यंत्राला मंद चालणं परवडतं.

सगळ्याच घरांना सारखी बचत होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. भिंती-छताला उत्तम इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक थर, असलेल्या घरात रिकामी खोली फारशी थंड पडतच नाही, मग वाचणार तरी काय? आतल्या भिंती पातळ असतील तर उबदार खोली शेजारच्या थंड खोलीला उष्णता देत राहते. दार सताड उघडं असेल तर दोन विभाग फक्त कागदावर उरतात. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून घरात आणणारं विजेचं यंत्र, असेल तर आणखी जपायला हवं. थोड्याच खोल्यांना जास्त कढत पाणी पुरवण्यापेक्षा अधिक खोल्यांना कोमट पाणी पुरवताना तो कमी वीज खातो, म्हणून तिथे बारीकसारीक विभाग पाडणं उलटंही पडू शकतं.

रिकामी खोली अगदीच वाऱ्यावर सोडायची नाही. २० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा १२ अंशांच्या भिंतीला टेकली की तिच्यातून पाणी सुटायला लागतं, आणि बुरशीला तर त्याआधीचा दमटपणाही पुरतो. स्वयंपाकघरातली आणि न्हाणीघरातली वाफ दाराच्या फटीतून नेमकी अशा थंड खोलीत जाऊन बसते. म्हणून त्या खोलीला किमान तापमान ठरवून द्यावं आणि ओली हवा उगमापाशीच पंख्याने बाहेर काढावी. माणसं राहतात त्या भागासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात थंड प्रदेशांकरता किमान १८ अंशांची शिफारस केली आहे. घरात तान्हं मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर त्याहून वरच राहावं. बचतीपायी त्यांच्या खोलीत कधीही हात आखडता घेऊ नये.

विभाग पाडताना खोल्यांची संख्या मोजत बसू नका. ऊन कुठून येतं, कोणता मजला आहे, कोण कोणत्या वेळी तिथे असतं आणि मध्ये बंद होणारं दार आहे का, हे चार प्रश्न विचारा. बहुतेक घरांना दोन-तीन विभाग पुरतात: दिवसा वावरायचा भाग, झोपायचा भाग आणि उन्हाचा मारा झेलणारी बाजू. थर्मोस्टॅट बसवायचा तो आतल्या भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीला. त्यावर ऊन, हवेचा झोत किंवा टीव्हीच्या मागची ऊब येता कामा नये. कारागिराकडून काम करून घेताना आणखी एक विचारा: सगळ्यात लहान विभाग एकटाच चालू असताना यंत्र किती मंद चालू शकतं? याचं नीट उत्तर मिळेपर्यंत डॅम्परची ऑर्डर देऊ नका.