पार्श्वभूमी : शाळा सगळ्यांची, पण बसायची जागा कुणाची?

खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी असलेल्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशाचा वाद दर उन्हाळ्यात नव्याने पेटतो. ‘त्या मुलांमुळे आमच्या मुलांचे वातावरण बिघडेल’ ही तक्रार तेव्हा अनेक तोंडांतून ऐकू येते. आपल्याकडे ही तक्रार सरकारी शिक्षणाइतकीच जुनी आहे, आणि सरकारने तिच्यापुढे मान कशी तुकवली याची लेखी नोंदही आहे. आजचा वाद समजून घ्यायचा तर ती नोंद वाचायला हवी.

जून 1856 मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. शाळा सरकारी, फी भरायची मुलाची तयारी, तरीही प्रवेश नाकारलेला. दोनच वर्षांपूर्वी, 1854 मध्ये, वुड यांच्या खलित्याने, म्हणजे लंडनहून आलेल्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, सामान्य जनतेपर्यंत शिक्षण नेण्याची भाषा केली होती. सरकारने या अर्जावर जुलैमध्ये ठराव केला. केवळ न्यायाचा विचार केला तर बाजू अर्जदाराची आहे, हे त्यात मान्य केले आहे. पण एकट्या मुलासाठी बाकीच्यांवर सक्ती केली तर शाळा ओस पडेल आणि बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने निरुपयोगी होईल, म्हणून प्रवेश नाही! बाकीचे निघून जातील ही भीती हेच न्याय न देण्याचे कारण ठरले. पुढची पावणेदोनशे वर्षे हेच कारण वेगवेगळ्या वेषांत भेटत राहते.

त्याची मुळे त्याआधीची आहेत. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी 1823 च्या टिपणात खालच्या मानलेल्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, हे मिशनऱ्यांचे मत नोंदवले होते. पण शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर ते वरच्या जातींपर्यंत पोचणारच नाही, अशी धास्तीही त्यांनी तिथेच व्यक्त केली.

धारवाडचे प्रकरण कलकत्त्याला आणि तिथून लंडनला गेले. सरकारी शाळा सर्वांना खुल्या हव्यात, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी एप्रिल 1858 मध्ये बजावले. मुंबई सरकारने मग नियम जाहीर केला: सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा कोणताही भेद न करता सर्वांना खुल्या राहतील. पण त्याच पत्रकात एक पळवाट होती. ज्या शाळांना स्थानिक लोक वर्गणी देतात आणि त्या वर्गणीदारांची हरकत आहे, तिथे खालच्या जातींची मुले घालण्याचा सरकारचा विचार नाही. अनुदान बंद करण्याचा हक्क तेवढा सरकारने राखून ठेवला. खेड्यापाड्यांत शाळेला लोकवर्गणी लागायचीच. म्हणजे नियम एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने गावच्या प्रतिष्ठितांच्या ताब्यात सोपवला.

याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी वेगळी वाट धरली. 1848 मध्ये मुलींची शाळा, आणि त्यानंतर काही वर्षांतच महार-मांग मुलामुलींसाठी शाळा. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकात छापून आला. सरकार धारवाडच्या मुलाला ‘थांब’ म्हणत होते, त्याच्या आदल्याच वर्षी हे घडले होते. मुलांमध्ये कुवत नाही, ही सबब तेव्हाही टिकणारी नव्हती.

जोतीरावांनी 1882 मध्ये सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेले निवेदन आजही मला अंतर्मुख करते. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा होता. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा आणि शिक्षक शेतकरी समाजांतूनही घ्या, असे त्यांनी मागितले. विशेषाधिकार हा शब्द न वापरता त्यांनी त्याचा हिशेबच मांडला होता: पैसा कुणाचा आणि बाक कुणाचे. आयोगाने जातीवरून प्रवेश नाकारू नये हे तत्त्व उचलून धरले, मात्र ते सावधपणे राबवा आणि गरज पडेल तिथे वेगळ्या शाळा काढा, अशी जोडही दिली.

कागदावर दार उघडे असताना आत काय घडत होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींत सापडते. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचे, संध्याकाळी ते परत आणायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर दिवसभर तहान. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात, म्हणजे थेट सरकारी शाळेत, शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले तर मुलांची धावपळ उडाली, कारण फळ्यामागे त्यांचे डबे ठेवलेले होते. संस्कृत शिकायची इच्छा असूनही फारसी घ्यावी लागली. 1858 चा नियम होऊन तोवर जवळजवळ अर्धशतक झाले होते.

काही संस्थानांनी मात्र इंग्रज सरकारपेक्षा जास्त धमक दाखवली. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांचे तशाच स्वरूपाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. माझ्या मते त्यांचे अधिक धाडसी पाऊल 1919 चे आहे. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करा आणि त्या मुलांना इतरांबरोबर बसवा, हा तो हुकूम. शाळा ओस पडेल, या भीतीला त्यांनी भीक घातली नाही.

ब्रिटिश मुलखात 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा आधार म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. पाणवठे आणि धर्मशाळांबरोबर त्यात सार्वजनिक शाळाही होत्या, हे सहसा सांगितले जात नाही. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे, म्हणजे स्थानिक मंडळांकडे, गेला. बाबासाहेबांनी 1928 मध्ये आपल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने घटनात्मक सुधारणांसाठीच्या सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात धारवाडचे सगळे प्रकरण पुन्हा उगाळले. इतिहासाची हौस हे त्यामागचे कारण नव्हते. ज्यांच्या हरकतीमुळे मुले बाहेर राहिली त्यांच्याच हाती शाळा जात आहेत, ही त्यांची चिंता होती.

राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, आदिवासी भागांत आश्रमशाळा आल्या. अस्पृश्य मुलांना वर्गाबाहेर ओसरीवर बसवणे बेकायदा झाले. पण ऐपतदार घरांपुढे दुसरा रस्ता उघडला: आपणच उठून खासगी शाळेत जायचे. केंद्राच्या कोठारी शिक्षण आयोगाने 1966 च्या अहवालात इशारा दिला होता की शिक्षणच सामाजिक फूट वाढवत आहे, आणि उपाय म्हणून शेजारशाळा, म्हणजे परिसरातल्या सर्व मुलांची एकच शाळा, सुचवली होती. ती शिफारस बाजूला पडली. गावचा सरपंच, तलाठी, डॉक्टर आणि कित्येकदा खुद्द गुरुजींचीही मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्यतः मजुरांची, दलित, आदिवासी, भटक्या समाजांची मुले उरली. 1856 च्या ठरावातली भीती अशा रीतीने खरी झाली, तीही कुणावर सक्ती न करता.

शिक्षणहक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. त्यातल्या कलम 12(1)(ग) ने विनाअनुदानित खासगी शाळांना पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशवर्गात किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना देणे बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हे कलम वैध ठरवले, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलले: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही सक्ती नाही. गरिबाच्या मुलाला त्याची शाळा आहेच, असा त्याचा साधा अर्थ. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी तो रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता आणि प्रवेश रखडलेले होते.

हा हक्कही आठवीपर्यंतच आहे. राखीव जागेवर पहिलीत आलेले मूल नववीत जाते तेव्हा त्याच्या घरी पूर्ण फी मागितली जाते. ती भरता आली नाही तर शाळा सोडल्याचा दाखला घेऊन दुसरीकडे जावे लागते. हे कलम बारावीपर्यंत न्यावे, ही मागणी अजून मान्य झालेली नाही.