चाँदरात (मुंबई)

रमजानच्या २९ किंवा ३० तारखेला सूर्यास्तानंतर पुढच्या महिन्याची, शव्वालची, चंद्रकोर दिसली की लागणारी रात्र म्हणजे चाँदरात. दुसऱ्या दिवशी ईद-उल-फित्र. महिना २९ चा की ३० चा, हे २९ व्या रोजाच्या मगरिबपर्यंत (सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत) कुणालाच ठाऊक नसते. कॅलेंडरात छापलेली ईद हा अंदाज. म्हणून जाणती घरे फित्रा (ईदआधी गरिबांना द्यायचे दान), शिवणकाम, दुधाची सोय असे सगळे २९ ची संध्याकाळ धरूनच उरकतात.

अखेरचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस, २० व्या रोजाच्या सूर्यास्ताला लागतो. एतिकाफला, म्हणजे मशिदीतच मुक्काम करून इबादतीला, बसणाऱ्याने त्याआधी मशिदीत पोचायचे आणि ईदचा चाँद दिसेपर्यंत शौच, वुजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुणे) अशा गरजेशिवाय बाहेर पडायचे नाही. मोहल्ल्यातला एक जण बसला तरी सगळ्यांची जबाबदारी उतरते. शबे-कद्र, म्हणजे कुराण उतरल्याची पवित्र रात्र, २१, २३, २५, २७ आणि २९ या रात्रींत शोधतात. तारीख सूर्यास्ताला बदलते, त्यामुळे २७ वी रात्र २६ वा रोजा सोडल्यावर येते. नवखे इथेच एका रात्रीने चुकतात. तरावीहमधले (रमजानातल्या रात्रीच्या खास नमाजातले) कुराण बऱ्याच मशिदींत त्याच रात्री पूर्ण होते. तरावीह त्यानंतरही चाँद होईपर्यंत असते, गर्दी मात्र ओसरते.

मुंबईत कोर दिसणे सोपे नाही. सूर्य मावळला त्याच बाजूला, क्षितिजालगत ती थोडाच वेळ असते, आणि मध्ये धुरके नाहीतर टॉवर. २०१४ ते २०१६ मध्ये ईद जुलैत आली, तशी आली की ढगांची भर. हनफी या सुन्नी पंथाच्या रीतीत आभाळ भरलेले असेल तर ईदच्या चाँदाला दोन भरवशाचे साक्षीदार पुरतात. आभाळ मोकळे असेल तर पुष्कळांनी पाहिलेला लागतो. साक्षी तपासून हिलाल समिती (चाँद दिसल्याचा निर्णय देणारी) घोषणा करते, तोवर मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोला अर्थ नाही. दाऊदी बोहरांचे मिसरी कॅलेंडर गणिती आहे. त्यात रमजान नेहमी ३० दिवसांचा असतो, आणि भेंडीबाजारात त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधी होऊन जाते.

फित्रा घरातल्या प्रत्येकामागे, तान्ह्या बाळामागेही, ईदच्या नमाजाआधी द्यायचा. हनफींमध्ये गहू असेल तर अर्धा साअ (साअ हे धान्याचे जुने माप), खजूर किंवा जव असेल तर पूर्ण साअ. तेवढी किंमत रोख दिली तरी चालते. अर्ध्या साअचे वजन कुणी पावणेदोन किलोच्या आसपास, कुणी २ किलो ४५ ग्रॅम धरतात, त्यामुळे शेजारच्या दोन मशिदींच्या फलकांवर रकमा वेगळ्या दिसतात. कोकणी मुसलमान शाफई या दुसऱ्या सुन्नी पंथाचे. त्यांच्यात माणशी एक साअ, साधारण अडीच किलो, रोजच्या खाण्यातले धान्य, म्हणजे तांदूळ, आणि तो धान्यरूपानेच. फित्रा दोन-तीन दिवस आधी पोचवावा. चाँदरातीला उशिरा हाती पडलेल्या पैशांतून गरीब घराची ईदची खरेदी होत नाही.

बाजार मोहम्मद अली रोड, नळबाजार, क्रॉफर्ड मार्केटचा. उपनगरांत कुर्ला, जोगेश्वरी, मिरा रोड. बांगड्या, मेंदी, अत्तर, टोपी चाँदरातीला घ्यायला हरकत नाही. कपडे शिवून घ्यायचे तर निम्म्या रमजानातच शिंपी गाठावा, नंतर तो कापड हातात घेत नाही.

शीरखुर्म्याची तयारी मात्र २८ व्या रोजापासूनच. दोन लिटर म्हशीच्या दुधाला शंभर ग्रॅम खारीक, पन्नास ग्रॅम चारोळी, बदाम-पिस्ते, दोनशे ग्रॅम साखर आणि ७५ ग्रॅम बारीक भाजक्या शेवया पुरतात. चारोळी आधी दातांखाली धरून पाहावी. खवट निघाली तर अख्खे पातेले वाया जाते. खारीक धुऊन रात्रभर भिजवावी, बिया काढून पातळ चिरावी आणि सुक्या मेव्याबरोबर तुपावर परतून मगच दुधात सोडावी. शेवया शेवटी, चार-पाच मिनिटांपुरत्या. शीरखुर्मा पळीवरून ओघळला पाहिजे. जास्त शेवयांनी त्याची खीर होते, आणि निवल्यावर तो आणखी आळतो. त्यासाठी अर्धा लिटर दूध बाजूला ठेवतात, दुपारच्या पाहुण्यांसाठी तेच गरम करून मिसळतात.