समद्विभुज समलंब चौकोन आणि समांतरभुज चौकोन: एकच वर्णन, दोन आकृत्या

‘समोरासमोरील बाजूंची एक जोडी समांतर आणि दुसरी जोडी एकरूप’ एवढे वर्णन वाचून बहुतेक विद्यार्थी समद्विभुज समलंब चौकोन काढून मोकळे होतात. पण समांतरभुज चौकोनही त्याच वर्णनात चपखल बसतो.

रचना करून पाहावी. रेख अब 10 सेमी घ्यावी, तिच्यापासून 4 सेमी अंतरावर समांतर रेषा काढावी आणि त्या रेषेवर अ पासून 5 सेमी दूर असलेला, आतल्या बाजूला झुकणारा बिंदू ड घ्यावा. आता ब केंद्र धरून 5 सेमी त्रिज्येचा कंस काढला, तर तो त्या रेषेला दोन ठिकाणी छेदतो. ड च्या जवळचा बिंदू क मानल्यास डक 4 सेमी येते आणि समद्विभुज समलंब चौकोन मिळतो. दूरचा मानल्यास डक 10 सेमी येऊन समांतरभुज चौकोन तयार होतो.

कर्ण बडची लांबी दोन्हींत √65 सेमी आहे, कारण क कोठेही घेतला तरी ब आणि ड हलत नाहीत. फरक पडतो तो कर्ण अकमध्ये: समलंबात तोही √65, तर समांतरभुजात √185. समद्विभुज समलंबाचे कर्ण एकरूप असले, तरी ते परस्परांना दुभागत नाहीत; समांतरभुजाचे कर्ण दुभागतात, पण तो आयत असल्याखेरीज एकरूप नसतात.

समलंबाच्या समान कर्णांसाठी ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मध्ये दिलेला नियम फार सुटसुटीत आहे. समोरासमोरील बाजूंच्या गुणाकारांची बेरीज म्हणजे कर्णाचा वर्ग, म्हणून येथे 10 × 4 + 5 × 5 = 65; त्यातून समांतर बाजूंच्या बेरजेच्या निम्म्याचा वर्ग, म्हणजे 49, वजा केला की उंचीचा वर्ग 16 उरतो. हा नियम समांतरभुजाला लावला, तर 10 × 10 + 5 × 5 = 125 येतात, आणि तो त्याच्या कोणत्याच कर्णाचा वर्ग नाही; ती दोन्ही कर्णांच्या वर्गांची सरासरी आहे.

समद्विभुज समलंबाचे संमुख कोन पूरक (बेरीज 180°) असल्यामुळे तो नेहमी चक्रीय असतो, म्हणजे त्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर असतात. समांतरभुजाचे संमुख कोन समान असतात, म्हणून ते पूरकही व्हायचे तर प्रत्येक कोन 90° हवा.

शालेय व्याख्येत समलंबाला समांतर बाजूंची ‘एकच’ जोडी असते, त्यामुळे समांतरभुज आपोआप वगळला जातो. ‘किमान एक’ जोडी मानणाऱ्यांनी मात्र समद्विभुज समलंबाची व्याख्या समान बाजूंवरून न करता पायाच्या समान कोनांवरून करावी, हेच माझ्या मते बरे. तसे केल्यास आयत त्यात येतो आणि तिरका समांतरभुज बाहेर राहतो.