नेट स्लो नाही ओ मामा, पान अडकलंय

परवा सांगलीला मामांकडे गेलो होतो. त्यांचं हळदीचं दुकान आहे आणि पोरांनी मागं लागून दुकानाची साइट पण करून घेतलीय. ती उघडली की आधी चार-पाच सेकंद नुसता पांढरा पडदा. "नेटवाला फसवतोय बघ", मामा म्हणाले. स्पीड टेस्ट लावली, 100 चा प्लॅन आणि 100 येतंय. त्याआधी राउटर चारदा बंद-चालू झालेला आणि मोबाइलमध्ये कसलंसं स्पीड बूस्टर ॲप पण आलेलं. हे असलं ॲप आणि राउटरला लिंबू-मिरची, मला तरी दोन्ही सारखंच.

तर होतं काय, ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो आणि मध्ये साधा स्क्रिप्ट टॅग, म्हणजे 'इथं हा प्रोग्राम चालव' अशी खूण लागली की तिथंच थांबतो, कारण ती स्क्रिप्ट पानातच काहीतरी नवीन घुसडू शकते. पुढच्या फायली हल्लीचे ब्राउझर आधीच हेरून मागवतात, पण ही येऊन चालल्याशिवाय पुढचं पान काही दिसत नाही. आता फाइल अमेरिकेत असली तर? काचेच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 13 हजार किलोमीटर जाऊन परत यायला कमीत कमी 130 मिलीसेकंद, मग प्लॅन 100 चा घ्या नाहीतर 1000 चा. तेवढ्यात 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे 39 कोटी ठोके पडून जातात, नुसते वाट बघण्यात.

आपण गिरणीत दळण टाकून डब्यापाशी उभं राहतो का? झालं की फोन करा म्हणतो आणि मंडईत जातो. असिंक्रोनस म्हणजे एवढंच. आणि मला जाम आवडतो तो भाग पुढंच आहे. गिरणीवाल्याचा फोन आला म्हणून आपण हातातली मेथी टाकून पळत नाही, आधी भाजीवालीचे पैसे देतो. या स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टला पण हात एकच जोडी. फाइल आली की "झालं" हा निरोप रांगेत जाऊन बसतो, हातातलं काम (फंक्शन) पूर्ण संपलं की इव्हेंट लूप, म्हणजे ही रांग सांभाळणारा, रांगेतला पुढचा निरोप उचलतो. म्हणून कुणी तेच ते परत परत करणारं लांबलचक काम (साधा लूप) लावून ठेवलं तर फाइल दारात येऊन पडलेली असते आणि पान मात्र गोठलेलं.

दुसरी भानगड क्रमाची. तीन डबे टाकले तर छोटा आधी दळून येणार, पण जेक्वेरी नावाच्या तयार कोडच्या लायब्ररीआधी तिचं प्लगइन, म्हणजे तिच्यावरच चालणारी जोडफाइल आली की एरर. 2009 च्या सुमारास लॅबजेएससारख्या छोट्या लायब्ररी यासाठीच निघाल्या, फायली एकदम मागवायच्या आणि चालवायच्या मात्र सांगितलेल्या क्रमाने. पुढं जावास्क्रिप्ट भाषेतच असं वाट बघणं सोपं लिहायच्या सोयी आल्या, 2015 ला प्रॉमिस आणि 2017 ला असिंक-अवेट.

मामांच्या साइटला लायब्ररी वगैरे काही लागली नाही, वरच्या सगळ्या स्क्रिप्टच्या टॅगमध्ये डिफर (नंतर चालव) हा शब्द लावला. त्याने क्रम पण राहतो आणि पान आधी वाचून होतं. फोटोंचा स्लायडर तेवढा बंद पडला कारण त्याचा कोड पानातच लिहिलेला, आणि डिफर लागतं ते फक्त बाहेरच्या फायलींना, म्हणून तो त्या फायलींच्या आधीच चालून गेला. तो कोड वेगळ्या फायलीत काढून तिला पण डिफर लावलं तेव्हा हलला.

पान आता पटकन उघडतं. मामा सगळ्यांना सांगतायत, नेटवाल्याला दम दिला म्हणून सुधारलं.