ट्रॅम्पोलिनची स्प्रिंग आकड्यापाशीच का तुटते?

ट्रॅम्पोलिनची, म्हणजे उड्या मारायची जाळी फ्रेमला ताणून धरणारी, एक स्प्रिंग काढून उजेडाकडे धरा. वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील, मधून उजेडाची रेघही दिसत नसेल, तर ती अजून कामाची आहे. कुठे फट दिसली तर ती स्प्रिंग बदलायला झाली.

ट्रॅम्पोलिनला लागते ती ताणाची स्प्रिंग. कारखान्यात ती गुंडाळतानाच तारेला असा पीळ देतात की वेढे एकमेकांवर दाबून बसतात. त्यामुळे ठरावीक जोर लावेपर्यंत ती उघडतच नाही. उघडल्यावर मात्र रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाच्या नियमाप्रमाणे वागते: जोर जितका वाढेल तितकी लांबी वाढेल. पोलादाच्या लवचिकतेची मर्यादा एकदा ओलांडली की तो मुळातला दाब निघून जातो आणि वेढे पुन्हा जवळ येत नाहीत. फट दिसते ती याची खूण.

एक स्प्रिंग किती ओढते याचा हिशेब करून पाहू. समजा तार ३.२ मिलिमीटर जाड, वेढ्याचा सरासरी व्यास २० मिलिमीटर आणि वेढे ३२. अशी पोलादी स्प्रिंग उघडल्यावर दर मिलिमीटरला सुमारे ४ न्यूटन, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम वजनाइतका जोर मागते. जाळी बसवताना ती २५ मिलिमीटर ताणली गेली आणि वेढे उघडायलाच ५० न्यूटन लागले असे धरले, तर एकूण ओढ १५० न्यूटन, म्हणजे १५ किलोच्या आसपास होते. १२ फुटी ट्रॅम्पोलिनवर बहुधा ७२ स्प्रिंगा असतात. म्हणजे जाळीवर कोणी नसतानाही फ्रेमवर सगळ्या बाजूंनी मिळून टनाहून थोडी जास्तच ओढ असते. सगळ्या बाजूंनी ती सारखी असते म्हणूनच गोल फ्रेम गोल राहते. स्प्रिंगा एकाच बाजूने काढत गेल्यास फ्रेम लंबगोल होते आणि उरलेल्या स्प्रिंगा भोकांतून निघता निघत नाहीत.

आता आकड्याकडे वळू. स्प्रिंग ताणली की तिच्या वेढ्यांमधली तार खरे तर लांबत नाही, तिला पीळ बसतो. हा पीळ बत्तीसही वेढ्यांत वाटला जातो. टोकाच्या आकड्यात मात्र तार वाकवली जाते, आणि शेवटचा वेढा जिथे उठून आकडा होतो तिथे पीळ आणि वाक एकत्र येतात. शिवाय आकड्याची आतली बाजू प्रत्येक उडीला जाळीच्या त्रिकोणी कडीवर आणि फ्रेमच्या भोकावर घासते. आधी जस्ताचा मुलामा जातो, मग खाच पडते, खाचेतून तडा सुरू होतो आणि एक दिवस आकडा तुटून स्प्रिंग उडते. म्हणून तपासताना आकड्याच्या आतून नख फिरवावे. नुसती चकाकी चालेल. नख अडकले तर स्प्रिंग टाकून द्यावी. उघडलेला आकडा पक्कडीने पुन्हा वाकवून बसवणारे बरेच असतात. तसे अजिबात करू नये. पोलाद तिथे आधीच थकलेले असते आणि उलट वाकवल्याने तडा जवळ येतो. गॅसवर तापवून वाकवणे तर त्याहून वाईट, कारण उष्णतेने पोलादाचा कणखरपणाच जातो.

एक स्प्रिंग तुटली तरी उड्या मारता येतात, आणि धोका नेमका त्यातच आहे. तिच्या वाट्याची ओढ मुख्यतः शेजारच्या दोघींवर जाते. त्या लवकर ढिल्या पडतात, कडीची शिवण तिरकी ओढली जाते, फ्रेमचे भोक लांबट होते. तुटलेली जागा भरल्याशिवाय ट्रॅम्पोलिन वापरू नये.

गंजाचे दोन रंग ओळखायला शिकावे. पांढरी भुकटी दिसली तर जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवते आहे. ती कोरड्या नायलॉन ब्रशने झटकून स्प्रिंग कोरडी ठेवली की पुरते. तपकिरी डाग म्हणजे तिथले जस्त संपले. तार सगळीकडून सारखी झिजून ३.२ ची २.९ मिलिमीटर झाली, तर स्प्रिंगचा कडकपणा जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. प्रत्यक्षात गंज सारखा चढत नाही. तो खड्डे पाडतो, आणि प्रत्येक खड्डा म्हणजे तडा सुरू व्हायला तयार जागा. नखाला खड्डा लागला की ती स्प्रिंग गेली असे समजावे.

गंज काढायला संडास साफ करायचे ॲसिड कधीही वापरू नये. ॲसिड आणि पोलाद भेटले की हायड्रोजन सुटतो आणि त्यातला काही धातूत शिरतो. स्प्रिंगच्या कठीण पोलादाला याने ठिसूळपणा येतो. स्प्रिंग चकचकीत दिसते आणि काही दिवसांनी ताणाखाली अचानक तुटते. तेलरंगही लावू नये: वेढे उघडताना रंगाला चिरा पडतात, त्यात पाणी शिरते आणि आत काय चालले आहे ते दिसतही नाही.

अलिबाग, रत्नागिरी, मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात जस्त फार लवकर संपते. तिथे महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने स्प्रिंगा धुऊन उन्हात वाळवाव्यात. पावसाळ्यात स्प्रिंगांवरची गादी पाणी धरून ठेवते, त्यामुळे गंज बहुधा गादीखालीच आधी दिसतो. जून ते सप्टेंबर ट्रॅम्पोलिन वापरात नसेल तर जाळी उतरवून, स्प्रिंगा हलक्या यंत्रतेलाच्या फडक्याने पुसून, कोरड्या डब्यात ठेवणे सर्वांत चांगले. पुन्हा बसवण्यापूर्वी तेल कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, नाहीतर जाळी निसरडी होते आणि त्यावर धूळही बसते. वापरताना करकर आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा आकडा भोकात घासल्याचा असतो. त्या जागी कापडाने थोडेसे सिलिकॉनचे वंगण लावावे.

नवी स्प्रिंग मागवण्यासाठी जुनी काढूनच मोजावी. चढवलेली स्प्रिंग ताणलेली असते, तिचे माप चुकीचे येते. एका आकड्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत लांबी घ्यावी. घरगुती स्प्रिंगा साधारण १४०, १६५, १७८ किंवा २१५ मिलिमीटरच्या मिळतात. तारेची जाडी आणि वेढ्याचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने, म्हणजे बारीक मापे घ्यायच्या सरकत्या पट्टीने, पाहावा. जाडीतला थोडा फरकही ओढ बराच बदलतो. मूळ मापापेक्षा ५ मिलिमीटर वाढ झाली असेल तर, फट दिसो न दिसो, आम्ही ती बदला असेच सांगू.

घरगुती ट्रॅम्पोलिनला ओढ कमी-जास्त करायचा स्क्रू नसतो. उडी मऊ लागावी म्हणून काही जण एकाआड एक स्प्रिंग काढतात. त्याने उरलेल्यांवर भार वाढतो आणि जाळी खाली जमिनीला टेकू शकते. कडक करायला आखूड स्प्रिंग लावली तर जाळीची शिवण आणि फ्रेमचे सांधे आधी जातात. फ्रेम, जाळी आणि स्प्रिंग यांची मापे एकमेकांवर ठरलेली असतात. ‘जुळवणी’ करायची ती सगळीकडची ओढ सारखी करण्यापुरतीच.

बदलताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि माणसे दोन. टी आकाराच्या हत्याराने फ्रेमकडचा आकडा आधी सोडवावा. हत्यार नसेल तर एका जुन्या स्प्रिंगचा आकडा अडकवून तिनेच ओढता येते. स्क्रूड्रायव्हर मात्र निसटतो आणि हाताला लागतो. नवी स्प्रिंग आधी जाळीच्या कडीत, मग ओढून फ्रेमच्या भोकात, आकड्याचे टोक खाली करून. चार-पाच नव्या स्प्रिंगा शेजारीशेजारी लावल्या तर तो भाग कडक होतो आणि उडी एका बाजूला फेकते. म्हणून चार नव्या असतील तर १, १९, ३७ आणि ५५ क्रमांकाला लावाव्यात आणि तिथल्या चांगल्या जुन्या रिकाम्या जागी न्याव्यात. पावभागाहून जास्त खराब निघाल्या तर सगळ्याच बदलणे शहाणपणाचे.

पूर्ण जाळी चढवतानाही हेच क्रमांक वापरावेत. फ्रेमवर आणि जाळीवर चिकटपट्टीने १ ते ७२ क्रमांक घालावेत. आधी १ आणि ३७, मग १९ आणि ५५, नंतर १०, ४६, २८, ६४. आता प्रत्येक दोघींमध्ये आठ भोके आणि आठ कड्या उरायला हव्यात. कुठे सात किंवा नऊ आल्या तर मोजणी तिथेच चुकली आहे. ती लगेच सुधारावी, शेवटची स्प्रिंग बसेना म्हणून चूक उघडकीला येईपर्यंत थांबू नये. उरलेल्या स्प्रिंगाही समोरासमोर लावत जावे. सगळे झाल्यावर कडेकडेने फिरून वेढ्यांमधल्या फटी पाहाव्यात. एका बाजूला जास्त असतील तर फ्रेमचा सांधा नीट बसलेला नाही किंवा जमीन कललेली आहे.

नवा संच आणला की एक स्प्रिंग जास्तीची घ्यावी. तिला तेलाचा हात लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी आणि कधीच चढवू नये. पुढच्या तपासणीत १, १०, १९ अशा त्याच आठ जागांच्या स्प्रिंगा काढून तिच्याशेजारी टेबलावर ठेवल्या, की कोणती किती वाढली ते पट्टीशिवायही दिसते.